साताऱ्यातील करिअर मार्गदर्शनाची तीन सत्रे: जागतिक बँकेत जाऊ पाहणाऱ्या पुतणीच्या निमित्ताने

पोवई नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका खासगी करिअर मार्गदर्शन केंद्राची तीन सत्रांची सेवा आम्ही गेल्या उन्हाळ्यात घेतली. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही बाबी तक्रारीच्या आहेत आणि तेथील एका गृहस्थांविषयी मला आदर आहे. परंतु अशी केंद्रे आता साताऱ्यात पुष्कळ झाली असून त्यांच्या फाइली साधारण एकाच साच्याच्या असतात, असे दोन-तीन ओळखीच्या पालकांकडून कळल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

सेवा घेणारी माझी पुतणी. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जागतिक बँकेसारख्या संस्थेत नोकरी करून पुढे तेथील आर्थिक कारभार पाहणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पदापर्यंत जावे, अशी तिची इच्छा आहे. या इच्छेचा उगम वर्तमानपत्रात नाही, तिच्या आईच्या बचत गटात आहे. कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावात वहिनी गटाचे इतिवृत्त आणि हिशेबाची वही लिहितात, आणि ते काम दहावीपासून ही मुलगी त्यांच्या शेजारी बसून करीत आली. गटाला बँक कर्ज देते, पण त्या बँकेला पैसे कोण देते, आणि त्या देणाऱ्याला कोण देते, असे विचारत विचारत ती वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेपर्यंत पोचली. घरात कोणी हसले नाही, मात्र वाट कोणालाच ठाऊक नव्हती.

मी स्वतः युनायटेड वेस्टर्न बँकेत कर्जविभागात नोकरी केली. १९३६ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेली ही बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, आणि १९६४ साली उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी जन्मलेल्या त्या संस्थेचे नाव आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर आले. विकास वित्त, म्हणजे उद्योग, धरणे, रस्ते अशा कामांसाठीचे दीर्घ मुदतीचे कर्ज, या शब्दाशी माझी ओळख अशी, पुस्तकाबाहेरची. म्हणून या केंद्राच्या सेवेकडे पाहताना माझी नजर ग्राहकाची होती तशीच थोडी कर्ज-अधिकाऱ्याचीही होती, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तीन सत्रांचे शुल्क ७,५०० रुपये होते. प्रत्येक सत्र दीड तासाचे, पावती रीतसर, वेळेचे पालन चोख. पहिले सत्र संगणकावरील कल चाचणीचे होते व त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अहवालात तिला आकड्यांची आणि तर्काची आवड असल्याचे निघाले, जे तिची हिशेबाची वही पाहूनही कळले असते. चाचणी घेणाऱ्या बाईंनी मात्र एक प्रश्न छापील यादीबाहेरचा विचारला, ‘‘तुला काम कुठलं करायचंय ते समजलं, पण राहायचं कुठं आहे?’’ या प्रश्नाचे उत्तर पुतणीला देता आले नाही आणि घरी येताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. पहिल्या सत्राचे मोल मी या एका प्रश्नाला देतो.

दुसरे सत्र एका तरुण समुपदेशकाने घेतले आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याविषयी आहे. त्याच्या खोलीत अजय बंगा यांचे मोठे छायाचित्र लावलेले होते आणि सत्राची सुरुवातच ‘‘आपल्या पुण्याचा माणूस’’ या शब्दांनी झाली. बंगा यांचा जन्म खडकीचा, १९५९ चा, हे खरे आहे आणि ते २ जून २०२३ रोजी जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, हेही खरे. परंतु त्यांची वाट १९८१ मध्ये नेस्ले, मग पेप्सिको, सिटीग्रुप आणि मास्टरकार्ड अशी खासगी कंपन्यांमधून गेली. अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सुचविले, कारण या पदावर अमेरिकेने सुचविलेली व्यक्ती बसण्याची प्रथा संस्थेच्या स्थापनेपासून चालत आली आहे, आणि बंगा अमेरिकेचे नागरिक आहेत. यातले काहीच मुलीला सांगितले गेले नाही. ज्याच्या वाटेने तिला जाता येणारच नाही अशा माणसाचे चित्र भिंतीवर लावून उत्साह निर्माण करणे, हे मार्गदर्शन नव्हे.

त्यानंतर ४२ पानांची रंगीत फाइल हाती आली. तिच्यातील मुख्य तक्ता एका शिडीसारखा होता: बी.कॉम., परदेशी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, जागतिक बँकेचा तरुण व्यावसायिकांसाठीचा प्रवेश कार्यक्रम, आणि मग व्यवस्थापक, संचालक, उपाध्यक्ष अशा पायऱ्या. १९६३ पासून चालू असलेल्या या प्रवेश कार्यक्रमाला वयाची ३२ वर्षांची मर्यादा आहे आणि त्यात पदवीखेरीज कामाचा अनुभवही पाहिला जातो, ही गोष्ट तक्त्यात नव्हती. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन संस्था एकाच रकान्यात, जणू एकाच कार्यालयाची दोन नावे असावीत, अशा छापल्या होत्या. दोन्ही १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून निघाल्या हे खरे असले, तरी नाणेनिधी देशाच्या परकीय चलनाची नड भागवतो आणि जागतिक बँक धरणे, रस्ते, शाळा, आरोग्य यांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देते. त्या परिषदेला भारताच्या बाजूने चिंतामणराव देशमुख हजर होते, म्हणून निदान मराठी मुलुखात तरी या दोन संस्थांची अशी सरमिसळ होऊ नये.

याहून मला खटकले ते पुढे. परदेशी पदवीच्या खर्चाचा विषय निघताच शेजारच्या खोलीतील शैक्षणिक कर्जाचा मध्यस्थ ‘‘सहज भेटायला’’ म्हणून आत आला. कोऱ्या फॉर्मवर वडिलांच्या जमिनीचा उतारा जोडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा मी सत्र थांबविले. आयुष्यभर तारण घेऊन कर्ज देणाऱ्या माणसाने हे म्हणणे विचित्र वाटेल, पण सल्ला देणारा आणि कर्ज विकणारा एकाच दारातून आत येऊ लागला की ग्राहकाने आधी उठून उभे राहावे.

परदेशी पदवीची अट या क्षेत्रात खरोखर किती कडक आहे, हे तपासण्यासाठी मी त्या आठवड्यात उपलब्ध माहिती वाचून काढली. जागतिक बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य वित्तीय अधिकारी या पदावर २०१९ मध्ये अंशुला कांत यांची नेमणूक झाली. म्हणजे पुतणीला जे पद हवे आहे, नेमके तेच. कांत यांचे शिक्षण दिल्लीत झाले, पदवी लेडी श्रीराम महाविद्यालयातून आणि पदव्युत्तर शिक्षण दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९८३ मध्ये त्या भारतीय स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या, म्हणजे ज्या परीक्षेच्या पुस्तकांचे गठ्ठे राजवाड्याजवळच्या कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतात त्याच दाराने. पुढे महाराष्ट्र व गोव्यासाठी त्या बँकेच्या मुख्य महाव्यवस्थापक, सिंगापूरच्या कारभाराच्या प्रमुख, मग मुख्य वित्तीय अधिकारी आणि २०१८ पासून व्यवस्थापकीय संचालक अशा जबाबदाऱ्या त्यांनी पाहिल्या. जागतिक बँकेने नेमणूक जाहीर करताना त्यांच्या पदवीपेक्षा स्टेट बँकेतील कामाचा आकार पुढे ठेवला होता: ३८ अब्ज डॉलरचे उत्पन्न आणि ५०० अब्ज डॉलरची एकूण मालमत्ता. छत्तीस वर्षे देशी बँकेत काम केल्यानंतर त्या या क्षेत्रात आल्या, आणि आल्या त्या थेट वरच्या मजल्यावर.

दुसरे उदाहरण के. व्ही. कामत यांचे. सुरतकलला अभियांत्रिकी, अहमदाबादला व्यवस्थापन, आणि १९७१ मध्ये आयसीआयसीआयमध्ये नोकरी. ही संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली ती जागतिक बँक, भारत सरकार आणि उद्योगपती यांच्या पुढाकाराने, भारतीय कारखान्यांना दीर्घ मुदतीचे कर्ज मिळावे म्हणून, ही गोष्ट आज तिच्या एटीएमसमोर उभे राहणाऱ्यांना सहसा माहीत नसते. कामत १९८८ मध्ये मनिलाच्या आशियाई विकास बँकेत गेले, १९९६ मध्ये परत येऊन आयसीआयसीआयचे प्रमुख झाले आणि २०१५ मध्ये शांघाय येथील न्यू डेव्हलपमेंट बँकेचे पहिले अध्यक्ष. या दोन्ही प्रवासांत केंद्राच्या शिडीची एकही पायरी त्या क्रमाने येत नाही. परदेशी पदवीधर उमेदवार या संस्थांच्या प्रवेशपदांवर मोठ्या संख्येने असतात, हे मी नाकारत नाही. पण ती एकमेव वाट असल्याचे सांगून सातबारा मागणे, यात अज्ञान किती आणि हिशेब किती, हा प्रश्न मला पडला.

मी केंद्रप्रमुखांना हे सर्व लेखी कळविले. त्यांनी दोन दिवसांत उत्तर दिले, मध्यस्थाच्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि तिसरे सत्र शनिवारी येणाऱ्या ज्येष्ठ सल्लागारांकडे ठेवले. तक्रार ऐकून घेण्याची ही पद्धत चांगली वाटली, म्हणून तिची नोंद येथे करतो.

हे ज्येष्ठ गृहस्थ निवृत्त बँक-अधिकारी आहेत आणि या सेवेत पैसे मोजण्याजोगे जे आहे ते त्यांच्या दीड तासात आहे. त्यांनी फाइल बाजूला सारली आणि पुतणीला सरळ विचारले, ‘‘जागतिक बँक पैसे आणते कुठून, सांग.’’ तिने श्रीमंत देश देतात असे उत्तर दिले. ते म्हणाले, ‘‘थोडेच देतात. तुझ्या गावच्या पतसंस्थेपासून सुरू करू.’’ सभासदाने भाग घेतले, त्यातले थोडे पैसे आज भरले आणि उरलेले ‘संस्था अडचणीत आली तर देईन’ असे लिहून दिले, तर त्या लिहून दिलेल्या शब्दाला बाजारात किंमत केव्हा येते? लिहून देणारा सधन असेल तेव्हा. जागतिक बँकेचे १८९ सभासद देश आहेत, त्यांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल लहान आणि वचन दिलेले मोठे आहे, आणि या वचनांच्या व काटेकोर कारभाराच्या बळावर बँकेच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन मिळते. बँक स्वस्त दराने बाजारातून कर्ज उचलते आणि त्यावर थोडा खर्च चढवून देशांना देते. घेणाऱ्या देशाच्या सरकारची हमी असल्याशिवाय ही संस्था कर्ज देत नाही.

मग त्यांनी मुख्य वित्तीय अधिकाऱ्याचे काम काय असते ते समजावले, आणि येथे मीही पुढे सरकून बसलो. कर्जाच्या प्रत्येक १०० रुपयांमागे स्वतःचे किती रुपये ठेवायचे, हा त्या पदाचा मूळ प्रश्न. जागतिक बँकेत हे प्रमाण किमान २० ठेवण्याची मर्यादा होती, ती २०२३ मध्ये १९ वर आणि २०२४ मध्ये १८ वर आणली गेली. पहिल्या एका टक्क्याच्या बदलानेच दहा वर्षांत सुमारे ५० अब्ज डॉलरचे अधिक कर्जवाटप शक्य होईल, असे बँकेने सांगितले होते. ‘‘एक टक्का ऐकायला लहान वाटतो, पण तो उतरवताना रोखे घेणाऱ्याला भीती वाटू द्यायची नाही आणि गरीब देशाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, हे दोन्ही एकाच टेबलावर सांभाळावे लागते,’’ हे त्यांचे वाक्य पुतणीने वहीत उतरवून घेतले. माझ्या नोकरीत मी कर्जाच्या अनेक फाइली हाताळल्या, पण माझ्या कामाचे इतके नेमके वर्णन मला कधी सुचले नव्हते.

त्यांनी त्याच ओघात जागतिक बँक समूहातील निरनिराळी खाती दाखवली. १९६० ची आयडीए अतिगरीब देशांना अत्यल्प व्याजाने किंवा अनुदानाने पैसे देते. तिची तिजोरी दर तीन वर्षांनी देणगीदार देशांकडून भरून घ्यावी लागते आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या फेरीत देणगीदारांनी सुमारे २३.७ अब्ज डॉलर कबूल केले, ज्यावर बाजारातून उचल करून १०० अब्ज डॉलरची सोय उभी राहते. भारत या खात्याचा दीर्घकाळ मोठा ऋणको होता, २०१४ मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला आणि आता देणाऱ्यांच्या रांगेत बसतो. १९५६ ची आयएफसी सरकारी हमीशिवाय खासगी उद्योगांना कर्ज देते. ‘‘मूळ बँक आणि या दोन संस्था, अशा तिन्हीकडे अर्ज करताना तू तीन वेगळ्या माणसांशी बोलते आहेस असे समज,’’ ते म्हणाले. फाइलच्या ४२ पानांत हे एक वाक्य असते तरी मी ती जपून ठेवली असती.

त्यांनी कोयनेचा विषय काढला तेव्हा सत्राला वेगळे वळण लागले. पाटण तालुक्यातील कोयना जलविद्युत प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा या संस्थेशी संबंध आमच्या मुलीच्या अर्जापासून सुरू होत नाही. त्या विजेने मुंबईचे कारखाने चालले आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही मोर्चांमधून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर येतात. गृहस्थ स्वतः पाटण तालुक्यातले असल्याने हे सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला. मग ते सरदार सरोवराकडे वळले. त्या प्रकल्पासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर झाले होते. विस्थापितांच्या प्रश्नावर बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळविले, आणि त्याच वर्षी बाधित लोकांना थेट तक्रार करता यावी म्हणून बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. मोठ्या पदावर बसणाऱ्याने सही करताना ताळेबंदाच्या कोणत्या ओळीत ही माणसे असतात ते शोधायला शिकावे, असे त्यांनी पुतणीला सांगितले. ती ओळ कोणती, असे तिने विचारले. ‘‘बहुतेक वेळा नसते,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणून शोधायची.’’

व्यावहारिक सल्ला शेवटी आला आणि तो फाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त होता. नाबार्डची अधिकारी पदाची परीक्षा दे, असे त्यांनी सांगितले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेनेच १९९२ मध्ये ५०० गटांच्या प्रायोगिक योजनेने बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम सुरू केले. म्हणजे आईच्या वहीपासून निघालेल्या मुलीला तो कारभार पलीकडच्या बाजूने पाहायला मिळेल. त्याच जोडीने स्टेट बँकेची परीक्षा, आणि पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करण्यासाठी २०२१ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅबफिड या राष्ट्रीय बँकेतील भरतीवर लक्ष. परदेशी शिक्षण घ्यायचे तर तीन-चार वर्षे कर्जाचे काम करून, शक्यतो शिष्यवृत्तीवर. सुट्टीत म्हसवडला जाऊन १९९७ पासून चालू असलेली माणदेशी महिला सहकारी बँक पाहून ये, असेही ते म्हणाले. निरक्षर बायकांची बँक कशी असेल म्हणून परवाना नाकारला गेला, तेव्हा कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो, तुमचे अधिकारी आमच्याबरोबर बसू देत, असे त्या महिलांनी रिझर्व्ह बँकेला सांगितल्याची हकीकत तिच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितली आहे. माझ्या मते कल चाचणीच्या जागी म्हसवडची एसटी पकडणे जास्त उपयोगाचे ठरले असते.

सत्राच्या अखेरीस त्यांनी पुतणीसमोर एका सहकारी बँकेचा छापील वार्षिक अहवाल ठेवून वीस मिनिटांत तीन प्रश्न काढायला सांगितले. बँकेने थकीत कर्जाची तरतूद गेल्या वर्षीपेक्षा कमी का केली, हा प्रश्न तिने पहिल्या पाच मिनिटांत काढला. उरलेले दोन प्रश्न तिला जमले नाहीत आणि ते जमले नाहीत हे त्यांनी तोंडावर सांगितले. दुसऱ्या सत्रात मुलीला सगळेच छान जमत होते.

शुल्काचा हिशेब मांडायचा तर ७,५०० रुपयांपैकी पहिल्या सत्राचे निम्मे आणि तिसऱ्याचे पूर्ण पैसे वसूल झाले, दुसरे सत्र वजा करावे लागेल, म्हणून मी या सेवेला पाचपैकी अडीच गुण देतो. केंद्राने फाइलमधील चुका दुरुस्त करण्याचे कबूल केले होते. मागील महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलाला मिळालेल्या प्रतीत नाणेनिधीचा वेगळा रकाना आला आहे, वयाची मर्यादाही छापली आहे, शिडी मात्र तशीच आहे. कोणाला ही सेवा घ्यायची असल्यास तिन्ही सत्रांचे शुल्क एकदम भरू नये. विचारल्यास एकाच सत्राची पावती मिळते, हे मला उशिरा कळले. शनिवारच्या सल्लागारांची वेळ आधी मागून घ्यावी, कारण ते महिन्यातून दोनच शनिवारी येतात. सोबत नेण्यासाठी गुणपत्रिकांपेक्षा एखाद्या बँकेचा वार्षिक अहवाल बरा, आणि जमिनीचे कागद घरीच ठेवावेत.